प्रकरण सतरा : जमीन घाण असल्याचा दाखला

गायख्यांची जमीन अगदी स्वच्छ आहे असा सरकारी अहवाल गुरुवारी संध्याकाळी आला, आणि शुक्रवारी सकाळी नऊच्या आत सगळं कुटुंब हवालदिल होऊन उज्वलाच्या ओट्यावर येऊन बसलं. दुसऱ्या कुणाच्या घरी अशा बातमीवर पेढे वाटले असते. इथे थोरल्या वाल्मीकने निफाडला द्राक्षांची फवारणी अर्धी टाकली, म्हाताऱ्या धोंडाआत्या गुडघ्याला तेल न लावताच त्याच्या जीपमध्ये चढल्या, आणि गेल्या दिवाळीपासून या घराची पायरी न चढलेला धाकटा दीपक गंगापूर रोडवरून चक्क रिक्षाने आला. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, असं त्याने कुणी न विचारताच सांगितलं.

जमीन म्हणजे लिंक रोडच्या आतल्या बाजूचे नऊ गुंठे. शेजारी लोखंडी भागांना चकचकीत मुलामा देणारी, प्लेटिंगची बंद पडलेली कंपनी, जिला आजूबाजूचे लोक पिवळी कंपनीच म्हणत. अण्णांनी, म्हणजे या भावांच्या वडिलांनी, ऐंशीच्या सुमारास ही जागा कंपनीला गाळ टाकायला दिली आणि वर स्वतः तिथेच कामाला लागले. पुढे कंपनी गेली, अण्णा गेले, गाळ तेवढा राहिला. त्या गाळाच्या कडेला दोन खोल्यांत मधली सून उज्वला राहत होती. नवरा जयराम रस्त्यावरच्या अपघातात गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. चाळीस डब्यांची खानावळ चालवून तिने मनालीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत आणलं होतं. दारातल्या बोअरला पाणी उदंड, पण हळद कालवल्यासारखं पिवळं. त्यामुळे चाळीस डब्यांचं पाणी ती दोन गल्ल्या पलीकडच्या सार्वजनिक नळावरून हातगाडीने आणायची. रोज, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा.

मग ती योजना आली. शहरातल्या अशा टाकून दिलेल्या, विषारी झालेल्या जागा सरकारने स्वतः साफ करायच्या. थोडा निधी केंद्राचा, थोडा राज्याचा, उरलेला महापालिकेचा. वाईट माती उचलून न्यायची, चांगली भरायची, मग आराखड्याप्रमाणे कुठे बाग, कुठे दवाखाना, आणि मूळ मालकाला निम्मी जागा रस्ता व नळासकट परत. जिथे घाण जास्त, तिथे पैसे आधी. अकरा जागांच्या कच्च्या यादीत गायख्यांचा नंबर चौथा लागला होता, आणि मनालीने तो फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर वाल्मीकने फुलांचे बारा गुच्छ पाठवले होते. उज्वलाने तर नळ कुठे घ्यायचा तेही ठरवून टाकलं. ओट्याच्या डाव्या हाताला.

आणि आता हे. ‘मातीच्या पाचही नमुन्यांत प्रदूषण आढळले नाही.’ म्हणजे यादीतून नाव बाद. हरकत घ्यायची तर आज पाचच्या आत, आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांनिशी. आत्यांचाही सातबाऱ्यावर हिस्सा होता आणि त्या तो कधी विसरू देत नसत. योजनेच्या इंजिनिअर बाई बारा वाजता जागा बघायला येणार होत्या.

दीपकने अहवाल मनालीच्या मोबाईलवर तीनदा वाचला. तो जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होता, त्यामुळे सरकारी कागद वाचताना त्याचा चेहरा गाणं ऐकणाऱ्या माणसासारखा होई. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्याने मोबाईल अलगद खाली ठेवला.

“दादा, आपण रडतोय कशाला?” तो म्हणाला. “हा कागद म्हणजे लॉटरी आहे.”

मग त्याने समजावून सांगितलं. जागेला बिल्डर नाक मुरडायचे ते कशामुळे, तर घाणीमुळे. आता सरकारच म्हणतंय की घाण नाही. मग योजनेच्या मागे लागायचं कशाला? सिंहस्थ तोंडावर आलाय, शहरातला रुपया न् रुपया घाटांकडे आणि रस्त्यांकडे वळतोय, आपल्या पिवळ्या चिखलाला कोण विचारणार? हरकत घ्यायची नाही, गप्प बसायचं, आणि महिनाभरात विकून मोकळं व्हायचं. एक जण त्याच्याकडे दोनदा येऊनही गेला होता.

ओट्यावर शांतता पसरली, आणि ती चांगल्यापैकी लोभी शांतता होती. भांडायला म्हणून निफाडहून आलेला वाल्मीक मिशीवरून बोट फिरवायला लागला. आत्यांनी आपल्या गुडघ्याकडे असं पाहिलं की जणू त्याचं ऑपरेशन होऊन टाकेही निघाले. मनाली एकटी तावातावाने म्हणत राहिली की पाणी पिवळं येतं तर माती स्वच्छ कशी असेल, काहीतरी चुकलंय. तिने मदतीसाठी आईकडे पाहिलं. आई शेवभाजीची फोडणी बघत होती, आणि फोडणी केव्हाच झाली होती.

उज्वलाला माहीत होतं काय चुकलंय ते. 

नमुने घ्यायला माणसं येणार असा फोन आला तेव्हा तिने दारात उभं राहून नऊ गुंठ्यांवर नजर टाकली होती. पिवळे पापुद्रे धरलेली जमीन, वेडी बाभूळ, कुणीकुणी आणून टाकलेला भंगार कचरा. सरकारी माणसं पहिल्यांदा दारात येणार आणि त्यांना हे दाखवायचं? पाहुणे यायच्या आधी घर आवरायचं, एवढंच तिला लहानपणापासून माहीत. तिने दत्तूला फोन लावला. दत्तू म्हणजे वाल्मीकच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, वहिनींच्या हातच्या भाकरीचा भक्त. त्याने निफाडच्या मळ्यातली काळीभोर माती तीन ट्रॉल्या आणून टाकली, दोघांनी ती ओट्यापुढच्या अंगणात जाडसर पसरली, वर सार्वजनिक नळावरचं पाणी शिंपडलं, आणि सकाळी उज्वलाने मधोमध रांगोळी काढली. नमुने घ्यायला आलेली दोन पोरं भारावून गेली. काकू, एवढी छान जागा आम्ही आजवर पाहिली नाही, असं म्हणून त्यांनी चहा घेतला, रांगोळी मोडू नये म्हणून कडेकडेने वीतभर उकरलं आणि निफाडची माती पाच पिशव्यांत भरून नेली.

काल मनालीने अहवाल वाचून दाखवला तेव्हा उज्वलाला हे उमगलं. आता बोलावं तर एवढ्या वर्षांनी हाताशी आलेला नळ आपणच घालवला हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. न बोलावं तर कुणी रागावणार नव्हतं. उलट विक्रीत तिचाही वाटा होता, वाट्यात कुठेतरी वन बीएचके होता आणि त्या वन बीएचकेत तीन तीन नळ होते. तिने ते तिन्ही नळ मनातल्या मनात सोडून बघितले. मग तिला वाटलं, इथे बिल्डर पहिलं काम काय करेल? बोअर मारेल.

तेवढ्यात वाल्मीक तंबाखू थुंकायला खाली उतरला आणि परत आलाच नाही. तो जमिनीवर उकिडवा बसला होता. हातात ढेकूळ होतं, ते त्याने फोडलं, हुंगलं, त्यातून दोन वाळक्या काड्या वेचल्या आणि उन्हात धरल्या. तीस वर्षं द्राक्षात घालवलेल्या माणसाला छाटणीची काडी ओळखायला चष्मा लागत नाही. तो ओट्यावर आला तो ढेकूळ घेऊनच.

“ही माझी माती हाय,” तो म्हणाला. “माझ्या वरच्या मळ्यातली. काड्या पण माझ्या. इथं कशी आली?”

सगळ्यांनी दीपककडे पाहिलं. कोर्टात इतक्या झटपट निकाल लागत नाहीत. बिल्डर कोणाकडे येऊन गेला, तर दीपककडे. कागद कोणाला आवडला, तर दीपकला. वाल्मीकचं म्हणणं पडलं की यानेच दत्तूला फितवून रातोरात जमिनीला पावडर लावली. आत्यांनी मान हलवली आणि त्याच्या बारशापासूनच्या खोड्या काढल्या. दीपक लालबुंद झाला. आयुष्यात मी कुंडीत माती घातली नाही, माझ्या बुटांना लागली तरी मला शिंका येतात, असं तो म्हणत होता आणि ते शंभर टक्के खरं होतं. पण खरं बोलायची त्याला फारशी सवय नसल्यामुळे ते खोटं वाटत होतं. रिक्षाने आलो तसा रिक्षाने जातो म्हणून तो चपला शोधायला लागला. एक सापडली.

“भाऊजी, थांबा,” उज्वला म्हणाली. तिच्या हातात अजून झारा होता. “त्यांनी नाही आणली. मी आणली.”

“तू?” वाल्मीक म्हणाला.

“पाहुणे येणार होते, दादा. अंगण कसं दिसत होतं तुम्ही बघितलंय. दत्तूला मीच सांगितलं, त्याचा काही दोष नाही. माणसं येऊन रांगोळीच्या बाजूची तुमची माती घेऊन गेली. नळ माझ्याच हातानी घालवला मी.”

आणि ती रडायला लागली. झारा हातात धरून रडणारी बाई आणि ढेकूळ हातात धरून उभा असलेला तिचा थोरला दीर, यांच्यामध्ये धोंडाआत्या बसल्या होत्या. त्यांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आधी त्यांचे खांदे हलले, मग पदर तोंडाशी गेला, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की मनालीला त्यांना मागून धरावं लागलं.

“सरकार विष तपासाया आलं,” त्या धापा टाकत म्हणाल्या, “आन् हिनं रांगोळी घातली.”

वाल्मीक फुटला. मनाली फुटली. माझी माती पास झाली, पाचपैकी पाच, असं म्हणत वाल्मीक खाली बसला आणि मांडीवर थापा मारायला लागला. एक चप्पल घातलेला दीपक रागावून राहायचा प्रयत्न करत होता, पण त्याच्या नाकातून आवाज निघाला आणि संपलं. उज्वला रडता रडता हसायला लागली, आणि त्यातलं कुठलं कुठे थांबलं ते तिलाही कळलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर दीपकने घसा साफ केला. ठीक आहे, तो म्हणाला, गंमत झाली. पण हे कुणाला ठाऊक आहे? आपल्या पाच जणांना आणि दत्तूला. कागद अजून स्वच्छच आहे. यावर पुन्हा ती मघाची शांतता यायला लागली. वाल्मीकचं बोट मिशीपर्यंत पोचलंही होतं.

“विका,” उज्वला म्हणाली. “सगळ्यांचं मत पडलं तर मी आडवी येणार नाही. पण इथे बिल्डिंग झाली की पहिल्या मजल्यावर जी बाई राहायला येईल ना, तिला सांगायला मी येणार. दुसऱ्या मजल्यावरचीलाही. पाणी भरू नका म्हणून दारोदार सांगत फिरणार, रोज. मला पहाटे उठायची सवय आहेच.”

ती हे करेल याबद्दल कुणालाही शंका नव्हती. वाल्मीकने बोट मिशीवरून काढलं. आत्यांनी ऑपरेशन झालेला गुडघा परत जागेवर ठेवला आणि आपण उज्वलाच्या बाजूने असल्याचं जाहीर केलं, जणू त्या सकाळपासून तिथेच होत्या. राहता राहिला दीपक. मी विचार करतो, तो म्हणाला, आणि दुसरी चप्पल शोधायची थांबला.

बारा वाजता इंजिनिअर बाई, वेदिका मॅडम, स्कूटरवरून आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर सॅक. हेल्मेट निघायच्या आत आत्यांनी त्यांचा हात धरला.

“बाई, आमची जमीन लय घाण हाय,” त्या कळवळून म्हणाल्या. “त्या कागदावर जाऊ नका.”

हरकती ऐकण्यात दोन वर्षं घालवलेल्या वेदिकाला आतापर्यंत सगळे एकच सांगत आले होते की आमची जागा चांगली आहे, शेजाऱ्याची घाण आहे. तिने खालचा ओठ दाताखाली धरून तीन ट्रॉल्यांची हकिकत ऐकली. रांगोळीपाशी तिला पाठ फिरवून स्कूटरच्या आरशात काहीतरी बघावं लागलं. मग ती म्हणाली की खणा, माझ्यासमोर खणा.

निफाडहून बोलावून घेतलेल्या दत्तूला फावडं दिलं. तो आधी वाल्मीकला घाबरून लांब उभा होता, पण खणायला लागल्यावर सगळे विसरले की त्याला रागवायचं राहिलंय. पहिलं फावडं काळं आलं. सगळं कुटुंब खड्ड्याभोवती गोळा होऊन वाकलं. दुसऱ्या फावड्यालाही काळंच लागलं. अशी कशी जाईल इतकी खोल, असं वाल्मीक पुटपुटला. माझ्या इतक्या ट्रॉल्या गेल्या की काय हाही हिशोब त्यात होता. मग फावडं करकरलं आणि खालून तो ओला, हिरवट, चमकता पिवळा थर वर आला, उग्र वासासकट.

आनंदीआनंद झाला. मनालीने टाळ्या वाजवल्या, आत्यांनी खड्ड्याला नमस्कार केला, वाल्मीकने भरात दीपकच्या पाठीवर थाप मारली आणि मग हात मागे घ्यायचं विसरला. वेदिकाने हातमोजे घालून पिशव्या भरल्या. विषाच्या पाच पिशव्या स्कूटरच्या डिकीत गेल्या तेव्हा उज्वलाला लेक वाटेला लावल्यासारखं भरून आलं.

पण एवढ्यावर भागत नव्हतं. नमुन्यांचा निकाल यायला पंधरा दिवस. तोवर यादीत नाव टिकवायचं तर हरकतीला जागेचा इतिहास जोडावा लागणार होता. इथे काय होतं, काय टाकलं, त्याचे काय परिणाम दिसले, हे मालकांच्या शब्दांत, सगळ्यांच्या सह्यांसकट. कुणी लिहायचा? पुन्हा सगळ्यांनी दीपककडे पाहिलं, या वेळी वेगळ्या नजरेने. सरकारी मराठी लिहिणारा घराण्यात तो एकच होता.

“मी फक्त लिहितो,” तो म्हणाला. “सही करतो असं म्हटलेलं नाही.” पण त्याने खिशातून पेन काढलं तेव्हा बाह्याही सारल्या.

आणि मग जी चढाओढ लागली तिला तोड नव्हती. ज्या गोष्टी गायख्यांनी चाळीस वर्षं सोयरिकींपासून लपवून ठेवल्या होत्या त्या आता एकेक करून मिरवत बाहेर आल्या. वाल्मीकने सांगितलं की इथलं पाणी प्यालेली गाभण म्हैस गेली. आत्या म्हणाल्या एक नाय, दोन. दीपकने ‘दोन म्हशी मयत’ लिहिलं. मनालीला शाळेत पोरी हळदीकुंकू म्हणायच्या, कारण युनिफॉर्मच्या बाह्या पिवळ्या असायच्या. उज्वलाने बोअरच्या पाण्याने छिद्रं पडलेली डब्यांची झाकणं आणून ओळीने मांडली. मग आत्यांनी सगळ्यांवर कडी केली. उज्वलाच्या घरचे पाहुणे मुलाचं घर बघायला आले तेव्हा अख्ख्या जागेवर मांडवाचं कापड अंथरलं होतं आणि सतरंज्या टाकून त्यांना त्यावरच जेवायला बसवलं होतं.

“मला सांगितलं होतं, बाहेर वारा छान येतो म्हणून बसवलं,” उज्वला म्हणाली. तिला हे आज, पंचवीस वर्षांनी कळत होतं. “म्हणजे झाकायची रीत मी या घरातच उचलली.”

पुन्हा हशा पिकला. वेदिकाही मोकळेपणाने हसली. दोन पानं भरली होती, दीपक रंगात आला होता. या ओट्यावर तो इतका हसला त्याला किती वर्षं झाली ते त्यालाच आठवेना.

“आणि अण्णांचा दोरा?” तो म्हणाला. “दादा, दोरा विसरलास?”

वाल्मीक आठवणीनेच लोळायला लागला. दीपकने वेदिकाला करून दाखवलं. अण्णा कामावरून यायचे, गल्लीतली पोरं जमायची. अण्णा दोऱ्याचं टोक या नाकपुडीत घालायचे आणि त्या नाकपुडीतून बाहेर काढायचे. मग दोन्ही टोकं धरून, ताक घुसळावं तसं इकडून तिकडे. पोरं ओरडायची. एका गोटीत एक खेळ. शाळेत कुणाच्याच बापाला ते येत नव्हतं.

सगळे हसत होते. वेदिका हसत नव्हती.

“किती वर्षं होते ते प्लेटिंगला?” तिने विचारलं.

“बावीस. टाकीवर,” दीपक म्हणाला. “का?”

“क्रोमची वाफ असते टाकीवर,” ती हळू बोलली. “ती नाकातला मधला पडदा खाते. हळूहळू आरपार भोक पडतं. दुखतसुद्धा नाही नंतर.” तिने स्कूटरच्या डिकीकडे बोट केलं. “जे टाकीत होतं, तेच या मातीत आहे.”

दीपकचे दोन्ही हात अजून दोऱ्याची टोकं धरल्यासारखे हवेत होते. ते त्याने खाली घेतले. पोरांनी खेळ करू दे म्हटलं की अण्णा कधीच दोरा हातात देत नसत, हे त्याला आठवलं. सकाळी त्यांच्या पंच्याला रक्ताचे बारीक ठिपके असत आणि ते स्वतःच तो धुऊन टाकत, तेही आठवलं. या मातीचं सोनं करायला आपण सकाळी रिक्षा करून आलो, आणि अण्णांनी त्या टाकीवर कुठल्याच पोराला कामाला लावलं नाही, तिघांपैकी एकालाही नाही, वाल्मीकला मळ्यावर पाठवलं, जयरामला गॅरेजला, आपल्याला कचेरीत. त्याला अण्णांची फार आठवण आली, आणि राग कुणाचा करावा ते कळेना.

तो लिहीत राहिला. पान संपलं तेव्हा त्याने कुणी न सांगता खाली सही केली आणि पेन आत्यांकडे दिलं. आत्यांनी ‘धों’ काढायलाच एक मिनिट लावलं. मग वाल्मीक, मग उज्वला. तिने सही पूर्ण नावानिशी केली.

वेदिकाने कागद वाचला. शेवटच्या ओळीवर ती अडखळली. “हे वडिलांचं अगदी शेवटी आलंय,” ती म्हणाली. “घरगुती आहे. राहू द्यायचं ना?”

“शेवटी नको,” दीपक म्हणाला. “मनाली, नवीन कागद आण.”

“भाऊजी, सव्वाचार झालेत,” उज्वला म्हणाली. “सह्या परत घ्याव्या लागतील.”

“करू परत,” वाल्मीक म्हणाला.

मनालीने कागद आणला. दीपकने समास आखला, तारीख घातली, विषय लिहिला आणि कचेरीतल्या आपल्या वळणदार अक्षरात पहिला मुद्दा काढला. १) आमचे वडील कै. सहादू गायखे यांच्या नाकाच्या पडद्यास आरपार छिद्र पडले होते. त्यास आम्ही मुले जादू समजत होतो.